दिवा हिरवा होईपर्यंत

माझी सायकल बॅटरीवर चालते आणि मधोमध दुमडते. वजन अठरा किलो. स्वस्तातली आहे, त्यामुळे सीट कडक आणि मागचा ब्रेक ओला झाला की कुरकुरतो. घेतली ती दुमडते म्हणूनच. खाडीपलीकडे माझी थोरली बहीण, आमची बाय, एकटी राहते. रस्त्याने वळसा सव्वीस किलोमीटरचा. तरीवरून, म्हणजे उतारूंच्या धक्क्यावरून, होडीने खाडी ओलांडली तर दोन्ही काठांचं मिळून साडेदहा.

मुंबईच्या भाच्याने फोनवर सरळ विचारलं होतं, "मामा, आठवड्यातून दोनदा तुम्ही जाणार असाल तर आईला तिथेच राहू दे. नाहीतर मी घेऊन येतो." बायला घर सोडायचं नव्हतं. मी म्हटलं, आधी जाऊन बघतो.

येऊन-जाऊन एकवीस किलोमीटर. आमच्या रस्त्यावर मी तीनदा तपासलं होतं, एका चार्जमध्ये सायकल चोवीस जाते. हिशेब जमत होता.

बुधवारी सकाळी आमच्या तोंडवलीहून निघालो. उजवीकडे समुद्र, डावीकडे खाडी, मधे चिंचोळी पट्टी. मोटरचा आवाज मधमाशीएवढा. पाय फिरत होते, पण नावापुरते. सुरूच्या सावल्या अंगावरून सरकत होत्या. थोड्या वेळाने मी चाललोय की रस्ताच मागे वाहतोय ते कळेना. विजेचे खांब मोजत होतो, चाळीसच्या पुढे विसरलो. आकडा विसरणारा माणूस मी नव्हे.

तरीवर सायकल दुमडून मांडीशी घेतली. होडीवाला म्हणाला, "ही सायकल आसा की छत्री?" सगळी होडी हसली.

बायकडे अर्धा तास बसलो. निघताना तिने सहा नारळ आणि एक भोपळा सायकलला बांधला. आमच्याकडे कुणाच्या घरून रिकाम्या हाताने निघता येत नाही. हे मला जन्मापासून ठाऊक आहे. चाचणीत मात्र मी सपाट रस्ता आणि फक्त माझं वजन धरलं होतं.

परतताना घाटीवर चढणीच्या मध्यात बॅटरी संपली. तरीपर्यंत ढकलत नेली. होडी नुकतीच सुटली होती. मी हात केला, तसा होडीवाला अर्ध्यातून वळून आला. "काय वो, छत्री मिटली?"

संध्याकाळी भाच्याला खरं ते सांगितलं. "एका चार्जवर जमत नाही. भोपळा धरला नव्हता."

"मग आईला आणू?"

"शनिवारपर्यंत थांब."

बायला काही देऊ नकोस म्हणणं शक्यच नव्हतं. शनिवारी चार्जर पिशवीत घातला आणि तिच्या ओटीवरच्या प्लगला लावला. चार्जरवर तांबडा दिवा लागला. भरली की हिरवा होतो, असं तिला सांगितलं. ती पाट घेऊन दिव्यासमोर बसली, दूध उतू जाऊ नये म्हणून बसावं तशी.

अर्ध्या तासाने मी सवयीने उठलो.

"खंय चललस? अजून तांबडो आसा."

मी बसलो. जेवण झालं. तिने आमच्या वडिलांच्या होडीची गोष्ट काढली, मग तिच्या लग्नातल्या पावसाची. माडाच्या झावळ्यांची सावली ओटीवर हलत होती. माझा डोळा लागला. झोपेतही तिचा आवाज येत होता, होडीखालच्या पाण्यासारखा. इतका वेळ मी तिच्याकडे शेवटचा कधी बसलो होतो ते आठवेना. एरवी मी पोचायचो आणि परतीची वेळ बघायचो.

जाग आली तेव्हा ती भोपळा बांधत होती. अडीच तास झाले होते. दिवा हिरवा. तिथूनच भाच्याला फोन लावला. "जमेल. बुधवार आणि शनिवार. पावसाळ्यात होडी बंद असते, तेव्हा एसटीने येईन."

बायने गाठ मारता मारता ऐकलं. मी प्लग काढायला वाकलो.

"ऱ्हवांदे रे," ती म्हणाली. "ऊन उतरांदे जरा."