तारेचा पीळ

शेषराव गेल्याचं फोनवर कळलं, तेव्हा त्यांच्यासाठीच कापलेलं कात्रण माझ्या हातात होतं... देशाने कोणती लढाऊ विमानं घ्यावीत, यावरचं. पाच आठवडे झाले. कात्रण कपाटात ठेवतो, पुन्हा खिशात घालतो.

हवाई दलात वीस वर्षं इंजिन फिटर म्हणून काढून ते जालन्यात परतले होते. मी निवृत्त शिक्षक. मस्तगडच्या वाचनालयात आम्ही रोज सकाळी समोरासमोर बसत असू. मी फ्रेंच विमानाच्या बाजूचा. त्याचा पल्ला, रडार, सारं वाचून जाई. त्यांचा आग्रह देशी विमानाचा. ‘‘सर, इकत घेता कोणतंबी येतं. दहा सालानं त्याचा नट कोण देणार?’’

‘‘आणि देशी तयार होईतो शत्रू थांबणार आहे?’’

‘‘मंग घ्या तुमचं फ्रेंच. बिघडलं की एमआयडीसीत टाकू दुरुस्तीला!’’ ग्रंथपाल बाईसुद्धा हसत.

त्या मंगळवारी मात्र ते म्हणाले, ‘‘तुम्ही इमान वाचलंय सर, म्या उघडलंय.’’ मला ते झोंबलं. मी म्हणालो, ‘‘उघडलंत, पण उडवलंत कुठं?’’ वैमानिक व्हायचं त्यांचं स्वप्न डोळ्यांच्या तपासणीत मोडलं होतं. हे त्यांनी एकट्या मलाच सांगितलं होतं. त्यांनी चष्मा काढून पुसला. ‘‘न्हाई उडवलं,’’ म्हणाले, आणि उठून गेले.

बुधवारी लाजेने मी वाचनालयात गेलोच नाही. गुरुवारी माफी मागायची, म्हणून देशी विमानाची बाजू मांडणारा एक लेख कापून घेतला... तेवढ्यात त्यांच्या मुलाचा फोन आला. पहाटे झोपेतच गेले होते.

तेरावा झाल्यावर वाचनालयात गेलो. बाई म्हणाल्या, ‘‘सर, बुधवारी कुठं होतात? शेषराव तासभर वाट बघत बसले. मग माझ्याकडून पक्कड मागून घेतली. म्हणाले, सरांची खुर्ची लई डुगडुगून राह्यली.’’

मी वाकून पाहिलं. खुर्चीच्या पायाचा नट घट्ट आवळून त्याला बारीक तारेचा पीळ घातलेला होता. विमानाच्या इंजिनात असंच करतात, हे त्यांच्याकडूनच कधीतरी ऐकलेलं. हादऱ्याने नट सैल होऊ पाहतो, तार त्याला फिरू देत नाही.

खुर्ची आता हलत नाही. तरी मला तिच्यावर दहा मिनिटं बसवत नाही. उठतो, खिडकीशी जातो, परत येतो, पेपर उलटा-सुलटा करतो. मग हात खाली नेऊन तो पीळ चाचपतो. तारेचं टोक त्यांनी आत वळवून ठेवलंय... कुणाच्या बोटाला लागू नये म्हणून.