अ‍ॅम्प्लिफायरची घूं

शेंदूरजनाघाटची बाग वाळली तेव्हा बाबांनी तिथून आणलं काय, तर एक टेप, एक अ‍ॅम्प्लिफायर, दोन स्पीकर आणि कॅसेटचा डबा. बोअर खोल खोल नेऊनही नुसती धूळ वर आली होती, संत्र्याची झाडं उभ्या उभ्या गेली होती. शेवटी ती तोडली आणि मी आई-बाबांना माझ्याकडे अमरावतीला घेऊन आलो. बाबा तेव्हापासून गप्प झाले. विचारलं तर हो किंवा नाही म्हणत, बस.

जेवण झालं की ते बैठकीत खुर्चीवर बसत आणि अ‍ॅम्प्लिफायर लावत. एखादी कॅसेट वाजायची. ती संपली तरी ते उठत नसत, आणि मग उरायची ती घूं. रिकामे स्पीकर दुपारभर एका सुरात घुमत राहायचे. उठायचं झालं तरच बाबा बटण बंद करत. बागेतल्या मोटारीची सवय होती ती; बटण बंद केल्याशिवाय माणूस जागचा हलायचा नाही.

मी कोचिंग क्लासमध्ये फिजिक्स शिकवायचो. सकाळी बॅच, संध्याकाळी बॅच, मधली दुपार झोपेची, आणि नेमकी तेव्हाच भिंतीपलीकडे ही माशी. माझं डोकं फिरायचं. बाबांना बोलायची सोय नव्हती, म्हणून मी चडफडत कूस बदलायचो.

आईला मात्र त्याचं काही नव्हतं. ती स्वयंपाकघरात आपली कामं करत राहायची. लाइट गेली की, आणि उन्हाळ्यात ती रोजच जायची, आई निवडायचं ताट घेऊन बाहेर यायची आणि बाबांच्या खुर्चीजवळ बसायची. आत उकडत असेल, असं मी समजायचो.

एका सुट्टीच्या दिवशी मी बाह्या सरसावल्या. आधी टेपची वायर काढली, घूं होतीच. दुसऱ्या खोलीतल्या प्लगला लावून पाहिलं, तिथंही तीच. आवाजाचं बटण शून्यावर नेलं तर थोडी दबली, गेली नाही. वैतागून त्या पत्र्याच्या डब्यावर तळहात ठेवला आणि घूं एकदम निम्मी झाली. हात उचलला, पुन्हा पहिल्यासारखी. तेव्हा माझी ट्यूब पेटली. याला अर्थिंगच मिळत नव्हतं.

घरमालकाने अंगणाच्या कोपऱ्यात अर्थिंगचा खड्डा केला होता. तिथली काळी माती उन्हाने फाटली होती, पंजा आत जाईल एवढ्या भेगा; इतक्या कोरड्या मातीत अर्थिंग लागणार कुठून. मी मीठ टाकलं, बादलीभर पाणी ओतलं. माती ते गटागट प्यायली. आत येऊन पाहतो तो लाल दिवा सुरू आणि अ‍ॅम्प्लिफायर चिडीचूप. मी खूश. बाबांना म्हटलं, आता गाणं कसं स्वच्छ ऐकू येईल. त्यांनी मान हलवली.

पण त्या दिवसापासून आईचं बिनसलं. घडीघडी बैठकीच्या दारात यायची, पाहायची, परत जायची. कधी हाताला कणीक, कधी हातात उलथनं. दूध उतू गेलं, वरण लागलं. तिच्या येरझाऱ्यांनी माझी झोप पुन्हा गेलीच. मी चिडून म्हटलं, एका जागी बसत का नाहीस? तर तीच माझ्यावर उखडली.

"काहून हात लावला त्याले? चांगलं चालू होतं ना."

करायला गेलो गणपती अन् झाला मारुती. माझा राग दोन दिवस उतरला नाही.

मग एका दुपारी आई दळण आणायला गेली होती आणि बाबांनी मला हाक मारली. अमरावतीला आल्यापासून त्यांनी आपणहून मारलेली ती पहिलीच हाक. मी धावतच गेलो.

"ते घूं पुन्हा लावता येते काय रे?"

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं. कशाला, म्हणून विचारलं.

"तुही माय सारखी येऊन पाहून जाते. आवाज चालू असला म्हणजे मी हाव इथं, एवढं तिले आतूनच समजे." मग म्हणाले, "मले गाणं गिणं काही ऐका लागत नाही."

आमच्या शेजारच्या बागेतला माणूस, बाग वाळली त्याच वर्षी, स्वतःच्या हाताने गेला होता. भर दुपारी. घरच्यांना वाटत होतं तो बैठकीतच आहे. त्याच्या बायकोला सावरायला आईच गेली होती, आणि आल्यावर त्याबद्दल चकार शब्द बोलली नव्हती.

ज्याला आता कशातच राम वाटत नाही असं मी धरून चाललो होतो, तो माणूस रोज दुपारभर आईला हजेरी देत बसला होता. मला त्यांच्याकडे बघवेना.

पोरांना जे कधीच करू नका म्हणून शिकवायचो, ते मी केलं. प्लग उघडून अर्थिंगची हिरवी वायर सोडली. घूं परत आली. बाबा खुर्चीत मागे टेकले.

आई दळण घेऊन आली. दारात थबकली, माझ्याकडे पाहिलं, आत गेली. थोड्या वेळाने फोडणीचा वास आला. त्या दुपारी ती एकदाही बाहेर आली नाही.