वाटेकऱ्यांचा लिलाव

तंजावरच्या राजांनी आमच्या पूर्वजाला इनाम दिलेली जमीन कोर्टाने विकायला काढली, तेव्हा आम्ही चेन्नईत, वेलचेरीच्या फ्लॅटमध्ये नुकतेच राहायला आलो होतो. वाटे इतके पडले होते की जमीन वाटून देणं शक्यच नव्हतं. आधी वाटेकऱ्यांमध्ये लिलाव, कुणी किमान किंमत दिली नाही तर बाहेरच्यांना, असा हुकूम होता. बहुतेक वाटेकरी चेन्नईतले, म्हणून लिलाव इथेच, कोर्टाने नेमलेल्या वकिलाच्या कचेरीत.

जमवाजमव माझ्याकडे आली. अशी कामं माझ्याकडेच येतात. व्हॅन, ओळखपत्रं, नोटिशीच्या प्रती, चिंचेचा भात, पाणी. काही राहिलं नाही.

त्या जमिनीवरच्या घरात आमची आत्या एकटी राहायची. तिला ते घर हवं होतं. पाटल्या विकून ती आदल्या दिवशी आली. बोली तीच लावेल, तिच्या बोलीवर कुणी बोली चढवायची नाही, असं आमचं ठरलं. वडीलधाऱ्यांशी पैशांचं बोलायचं नाही ही आमच्याकडची रीत. त्यामुळे तिने किती आणलेत, हेही कुणी विचारलं नाही.

पुकारा झाला तशी आत्या उभी राहिली, पदर सारखा केला आणि आकडा सांगितला. वकिलाने कागद पाहिला.

"अम्मा, किमान किंमत याच्या दुप्पट आहे. नोटिशीत लिहिलंय."

"मज कोणी सांगितलें नाही," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता.

नोटीस इंग्रजीत होती. तिची प्रत मीच पाठवली होती आणि पोच फाइलला लावली होती. त्या पोचपावतीची मला अजून लाज वाटते.

"तुमच्यापैकी कुणी भर घालणार का?" वकिलाने विचारलं. सगळे थोरल्या चुलतभावाकडे बघत राहिले. त्याच्याआधी कुणी कसं बोलायचं? तो चष्मा पुसत होता. वकिलाने थोडं थांबून लिहून टाकलं: विक्री बाहेरच्यांसाठी खुली.

जिन्यात धाकटा चुलतभाऊ कुजबुजला, "बाहेरचे जास्तच देतील, अक्का."

"गप्प बस," मी म्हटलं. पण तेच माझ्याही मनात येऊन गेलं होतं.

व्हॅनपाशी आत्याने विचारलं, "मग मी आतां कोणाकडे राहूं?"

"आमच्याकडे, अजून कुठं?" थोरल्याची बायको म्हणाली. "ह्यांना ओरडायला घरात कुणीतरी हवंच आहे."

आत्या हसली. मला एकदम हायसं वाटलं. आमच्या फ्लॅटमधली एक खोली तेव्हा रिकामीच होती.