एका फरशीवर एक पाऊल

“पायात काही दोष हाय का हो पोरीच्या? कशी मोजून पाय टाकून राह्यली, बघा की.”

मुलाची आत्या शेजारच्या बाईला म्हणाली. हळू म्हणाली, पण मी ऐकलं. मी खोलीच्या मधोमध होते, हातात चहाचा ट्रे.

घनसावंगीहून दोन गाड्या भरून आले होते मला बघायला. उसाचे बागायतदार. जालन्यातल्या आमच्या मस्तगडच्या दोन खोल्यांत मावत नव्हते. बाबा दारापाशी उभे, हात जोडलेलेच.

दोष नव्हता. आईनं आठ दिवस माझ्याकडून सराव करून घेतला होता. एका फरशीवर एक पाऊल. हात हलवायचे नाहीत. मान खाली. तिच्या आईनं तिला असंच शिकवलं होतं. माझ्या इंग्रजी शाळेतही वेगळं काही नव्हतं. रांग, हाताची घडी, तोंडावर बोट. शिस्तीचं बक्षीस दरवर्षी मलाच.

“परत एकदा चाल बरं,” आत्या म्हणाली. “साडी जरा वर धर. पाय दिसू दे.”

मी आईकडे पाहिलं. तिनं मान डोलावली. मी साडी घोट्याच्या वर धरली. दारापर्यंत गेले. परत आले.

“आत्याबाई, दात बी बघता का?” कुणीतरी म्हणालं.

सगळे हसले. बाबाही हसले.

मला काहीच वाटलं नाही. राग नाही, रडू नाही. कमरेखाली मी नव्हतेच.

दोन दिवसांनी निरोप आला. पायाचा फोटो काढा, मंग परत येतो. आईच मला एक्स-रेला घेऊन गेली. हाडं चांगली निघाली. तिनं देवाला नारळ फोडला.

मी बदनापूरला एका ऑफिसात नोकरी करते. शेजारच्या टेबलावरची शबाना पाठदुखीसाठी दर रविवारी जालन्यात व्यायामाच्या एका वर्गाला जायची. “चल ना, अकेली को शरम आती,” म्हणाली. मी गेले. नाही म्हणायची सवय नव्हती.

तिथल्या ताईंनी सतरंजीवर झोपवलं. डोळे मिटायला सांगितले. “काही करू नका. शरीराला काय करायचंय ते फक्त बघा.”

मी विचारलं, “ताई, कोणता पाय आधी?”

“मला काय माहीत?” त्या म्हणाल्या.

तीन रविवार मी तशीच पडून राहिले. “तू तो सो जाती,” शबाना चिडवायची. मी झोपत नव्हते. सांगितल्याशिवाय हलायचं कसं, तेच मला येत नव्हतं.

चौथ्या रविवारी उजवा खांदा हलला. मी हलवला नव्हता. मग हात डोक्यावरून मागे गेला. पाठ वळली. पाय झाडला गेला, एकदा, मग परत. मांजर उठताना अंग ताणतं, तसं काहीतरी. तोंडातून कण्हल्यासारखा आवाज आला. मी तो दाबला नाही.

घरी परतताना लक्षात आलं, चालताना माझे हात हलतायत. आपोआप. आनंद वगैरे झाला नाही. बधिर पायात रक्त परत येताना टोचतं, तसं टोचत होतं. सगळीकडे.

पुढच्या आठवड्यात ते परत आले. आत्यानं एक्स-रे खिडकीच्या उजेडात धरला. सगळ्यांनी वाकून बघितला. माझी हाडं, मांडीपासून खालपर्यंत.

“बराबर हाय,” आत्या म्हणाली. “आता एकदा चालून दाखव. बिलकुल शेवटचं. मंग बोलू पुढचं.”

“जा बाई,” आई पुटपुटली.

मी उठले. पाय जमिनीला टेकलेले जाणवत होते. टाचा, बोटं, सगळं. छाती धडधडत होती, तीही जाणवत होती. मी आत्याच्या हातातून एक्स-रे काढून घेतला. बाबांनी माझं नाव घेतलं. मी थांबले नाही.

“मी चालून दाखवणार नाही. यांना नाही, यांच्यानंतर येतील त्यांनाही नाही. आई, तू सांगितलंस तरी नाही.”