गज्जू पेंटर आणि आमच्या गाडीचा दरवाजा

गज्जू पेंटर गाडीकडे कधी सरळ बघत नसे. गाडी वर्कशॉपात आली की तो तिच्याकडे पाठ करून उभा राहायचा, विडी संपवायचा आणि मग कावळ्यासारखी मान वाकडी करून एकदम नजर टाकायचा. म्हणायचा, "सरळ बघितलं की गाडी सावध होते. तिला बेसावध पकडावं लागते." गिऱ्हाइकं खूश व्हायची. मला ते नाटक वाटायचं. अजूनही वाटतं.

इथल्या मराठी मंडळाच्या अंकासाठी काहीतरी लिहा म्हणून पोरं घरी आली, तेव्हा त्यांना वाटलं मी कुसुमवर लिहीन. कुसुम माझी बायको. मागच्या वर्षी गेली. तिच्यावर मला लिहिता येत नाही, दोन ओळी झाल्या की हात थांबतो. म्हणून ज्याच्यावर मी उभा जन्म जळलो, त्याच्यावर लिहितो. मी सातवीपर्यंत शिकलेला माणूस. गोड लिहिणं मला येत नाही.

जबलपूरला रांझीच्या रस्त्यावर आम्हा दोघांचं वर्कशॉप होतं. मी डेंटर, म्हणजे चेपलेला पत्रा ठोकून सरळ करणारा. तो पेंटर. मी दिवस दिवस गाडीखाली पडून हातोडी चालवायचो, आणि मग हा येऊन माझ्या कामावर रंग मारायचा. गिऱ्हाईक यायचं, गाडीभोवती फिरायचं आणि गज्जूच्या पाठीवर थाप मारायचं, "वाह भैया, पता ही नहीं चल रहा!" माझ्याकडे कोणी बघायचं नाही. मी चिडलो की गज्जू म्हणायचा, "दत्त्या, डेंटर हाड बसवतो, पेंटर चेहरा देतो. लोक चेहरा बघतात. तू काहून तोंड पाडून बसतो?"

वर तो पांढरा शर्ट घालून काम करायचा. पेंटर आणि पांढरा शर्ट! आणि त्या शर्टावर कधी एक थेंब उडायचा नाही. मी घरी जायचो तो ग्रीसने माखलेला. कुसुम माझे कपडे बादलीत बुडवता बुडवता म्हणायची, "गजाननभाऊजींचा शर्ट बघा जरा." अरे, मी काय उपाशी ठेवलं होतं का तिला?

काम मात्र त्याचं कठीण होतं, हे मी मान्य करतो. जुन्या गाडीचा एकच पत्रा रंगवायचा म्हणजे कसोटी असते. कंपनीच्या नंबराचा डबा आणला तर रंग निघतो शोरूममधल्या गाडीचा. आपली गाडी जबलपूरच्या उन्हात कितीतरी उन्हाळे उभी राहिलेली. टपाचा रंग वेगळा उडालेला, दरवाज्यांचा वेगळा. त्यात तो नवा रंग मारला तर जुन्या धोतराला कोऱ्या कापडाचं ठिगळ लावल्यासारखा दिसतो. गज्जू त्या डब्यात पिवळ्याचे, काळ्याचे थेंब टाकत बसायचा. पुठ्ठ्यावर फवारा मारायचा, वाळू द्यायचा, गाडीला लावून सावलीत बघायचा, उन्हात बघायचा, पुन्हा थेंब टाकायचा. "नवा रंग कोणीही मारेल. जुना मारून दाखवा," हे त्याचं ठरलेलं वाक्य. बडा फुहारा बाजारातल्या एका कापडवाल्याची गाडी पोरीच्या लग्नाच्या तोंडावर घासली होती. गाडी न्यायला आला तर कोणत्या बाजूने घासली होती तेच त्याला सापडेना. खोव्याच्या जिलेबीचा डबा गज्जूच्या हातात दिला. तो डबा गज्जूने आणून दिला आमच्या घरी, कुसुमच्या हातात. तिने एक जिलेबी खाल्ली आणि म्हणाली, "भाऊजींचा हातच वेगळा." मी त्या डब्याला हात लावला नाही.

आधी गज्जू रंगाबाबत कोणाला विचारायचा नाही. देवाने सांगितलं असतं तरी त्यालाच शिकवलं असतं. मग काही वर्षांपूर्वी एकाएकी त्याने रंगवलेले पुठ्ठे घेऊन आमच्या दारात यायला सुरुवात केली. कधी पुठ्ठे, कधी अख्खी गाडीच दारासमोर उभी करायचा. "वहिनी, जरा बघता का?" आणि ही पदराला हात पुसत बाहेर. दोघं गल्लीत उभे राहून पुठ्ठा गाडीला लावून बघायचे. त्यांची एक भाषाच होती. पांढऱ्याला ती पांढरा म्हणायची नाही.

"अजून ताकच आहे, भाऊजी. कढी नाही झाली."

"दोन थेंब हळद टाकू?"

"एकच टाका. नाहीतर वरण होऊन जाईल."

आणि हसणं. मी ओट्यावर चहाचा कप घेऊन बसलेलो. मला ताक दिसायचं नाही, कढी दिसायची नाही. मला गाडी दिसायची, आणि मी ठोकलेला पत्रा दिसायचा, ज्यावरून माझ्या बायकोने कधी हात फिरवला नाही. एकदा मी म्हणालो, "तो काहून येऊन राहिला इथं रोज? त्याला डोळे नाहीत का?" ती म्हणाली, "असू द्या ना." बस, एवढंच. मी मनात काय काय समजलो ते इथे लिहीत नाही. वाचणारे शहाणे आहेत.

कुसुम गेल्यावर गज्जू तेराव्यापर्यंत रोज आला. कोपऱ्यात बसायचा. माझ्यापेक्षा जास्त रडायचा, त्याचाही मला राग आला.

पुढे उन्हाळ्यात आमच्या गाडीला बाजारात एका ई-रिक्षाने धडक दिली. गाडी जुनी, मोतिया रंगाची, मीच जुळवून उभी केलेली. चेपला तो डावा पुढचा दरवाजा. म्हणजे कुसुमचा. ती तिथे बसायची, कोपर काचेबाहेर काढून. भेडाघाटला जाताना "कोपर आत घे" म्हणून मी दर वेळी ओरडायचो आणि ती दर वेळी घ्यायची नाही. मी तो दरवाजा असा ठोकला, जसा आयुष्यात पत्रा ठोकला नसेल. पण रंग? तो दरवाजा मला जसा होता तसाच पाहिजे होता. उगाच कोणा नवशिक्याकडे द्यायचा नव्हता. झक मारत गज्जूकडे गेलो.

त्याने पाठ केली नाही, मान वाकडी केली नाही. डोळे मिटून दरवाज्यावरून तळहात फिरवला, वरून खाली. मग म्हणाला, "दत्त्या, पत्रा झकास आहे."

सगळं आयुष्य एकत्र काम करून पहिल्यांदा म्हणाला. मी म्हटलं, "रंगाचं बोल."

"रंग मला नाही जमणार."

"काहून? माझ्या गाडीला हात लावायला लाज वाटते?"

"दिसत नाही रे. साखरेने डोळ्याचा पडदा खाल्ला. पांढरं आणि पिवळं एकच दिसून राहिलं. आज नाही, किती वर्षं झाली."

"मग त्या सगळ्या गाड्या..."

"वहिनींनी केल्या. तुला काय वाटलं, तुझ्या दारात मी कॅरम खेळायला येत होतो?"

मी खाली बसलो. म्हटलं, "मला सांगितलं नाही तिने."

"मी शपथ घातली होती. तुला कळलं असतं तर तू साऱ्या रांझीत बोंबलला असता."

बोंबललो असतो. खोटं कशाला लिहू? पण मला वाटलं होतं, हे ऐकून माझा जळफळाट थंड होईल. उलट वाढला. माझ्याच घरात, माझ्याच बायकोने, त्याचं गुपित माझ्यापासून सांभाळलं आणि सोबत घेऊन गेली. माझं असं कोणतं गुपित तिने सांभाळलं होतं? माझ्याकडे गुपितच नव्हतं.

शेवटी ठरलं, थेंब त्याने टाकायचे आणि बघायचं मी. पुठ्ठा दरवाज्याला लावून मी उभा राहिलो.

"बोल. कढी झाली?"

माझ्या स्वयंपाकघरातला शब्द त्याच्या तोंडात. तरी मी बघितलं. इतकं बघितलं की डोळ्यातून पाणी आलं. "नाही. ताक आहे," मी म्हणालो. त्याने थेंब टाकला. पुन्हा लावला. पुन्हा ताक. मला पहिल्यांदाच काहीतरी दिसत होतं आणि सांगायला ती नव्हती. शेवटी मी म्हणालो, "झाली." गज्जूने फवारा मारला. हात तसाच, एक ओघळ नाही, शर्टावर एक डाग नाही.

दुसऱ्या दिवशी गाडी उन्हात काढली. मागच्या दरवाज्याशेजारी पुढचा दरवाजा पिवळाजर्द.

"कसा आला?" गज्जूने विचारलं.

"वरण झालं," मी म्हणालो.

तो हसला, खोकला लागेपर्यंत हसला. "वहिनी असत्या ना, तर तुला आज घरात घेतलं नसतं! काही नाही, पुन्हा मारू. थोडं ऊन उतरू दे."

ऊन उतरायच्या आत गज्जू गेला. दुपारी जरा आडवा झाला, तो झोपेतच गेला. ग्वारीघाटावर त्याला पोचवायला मी त्याच गाडीतून गेलो. डावीकडची सीट रिकामी ठेवली, तिथे कोणाला बसू दिलं नाही. चिता पेटली, लोक नर्मदेकडे तोंड करून हात जोडून उभे राहिले. कोणी म्हणालं, "चाचा, आप तो भाई जैसे थे, रो लीजिए." मला रडू येत नव्हतं. मला संताप आला होता. मी जायचं म्हणून केव्हाचा तयार बसलेलो, आणि हा माझ्या पुढे निघून गेला. आता हा तिच्याकडे आधी पोचणार. पांढरा शर्ट घालून जाणार आणि गेल्या गेल्या सांगणार, "वहिनी, तुमच्या दरवाज्याचा रंग या दत्त्याने बघितला. पार वरण केलं." मग ती हसेल. दोघं हसतील. आणि मी तो दरवाजा किती वेळ बघत उभा होतो, ते तिला सांगायला तिथे मी नसेन.