लेकीनं दिलेलं घड्याळ

निवृत्त झाल्यापासून माझ्या आयुष्यात एकच गोष्ट चालू होती, आणि तीही मागं पडत होती. ती म्हणजे माझं मनगटी घड्याळ!

ते मीनलनं, माझ्या लेकीनं, पहिल्या पगारातून घेतलेलं. देताना म्हणाली होती, "पप्पा, याला सेल लागत नाही." मी अख्ख्या शुक्रवार पेठेत ते मिरवलं. "सेल लागत नाही बरं का!" (मग काय लागतं, हे विचारायचं राहूनच गेलं.)

पण ते मागं पडू लागलं. त्याच्या भरवशावर मी एका लग्नाला गेलो तर पंगत उठत होती! आमच्याकडची लग्नं तासभर उशिरा लागतात, त्यात अक्षता चुकायला खास कर्तृत्व लागतं.

दुकानात न्यावं, तर मीनलच्या कानावर जाईल. पोरीला पहिल्याच पगारात कुणी फसवलं, हे मला तिला सांगवेना. मग मीच उपाय सुरू केले. आधी मोबाईलच्या चुंबकानं बिघडत असेल म्हणून तो दुसऱ्या खिशात ठेवला. मग धक्का लागू नये म्हणून खुर्चीच्या हातावर उशी ठेवून तिच्यावर हात दिवसभर अलगद टेकवला. घड्याळ आणखीच मागं! शेवटी ओल धरली असेल म्हणून तांदळाच्या डब्यात पुरलं. तिथं ते बंदच पडलं.

"अवो, तांदळात घड्याळ कुनी घातलं? शिजवलं असतं की मी!" सौ. ओरडली. ती जेऊरची, तिचा आवाज चार घरं जातो. तिनं ते भिंतीवरच्या घड्याळाशी लावलं आणि हरवू नये म्हणून स्वतःच्या हातात घातलं.

आणि काय आश्चर्य! तिच्या हातात ते मिनिटभरही चुकेना. ती भाकऱ्या थापतेय, धुणं पिळतेय, फरशी पुसतेय, आणि घड्याळ आपलं टकाटक चालू!

रविवारी मीनल आली.

"पप्पा, घड्याळ आईच्या हातात कसं?"

"मागं पडतंय गं," मी चाचरत म्हणालो. "दुकानदारानं फसवलं बघ तुला."

तिनं माझ्याकडं पाहिलं, खुर्चीकडं पाहिलं, उशीकडं पाहिलं.

"पप्पा, हात हलला की चालतं ते!"

"मंग दुकानदाराला कशाला बोल लावताय?" सौ. परातीवरूनच म्हणाली. "हात कुनाचा हलत न्हाय, ते मला इचारा की!"

दोघी पोट धरून हसल्या. मीही हसलो, पण नजर सौ.च्या हाताकडं गेली. ऑफिसनं मला हार घालून घरी पाठवलं, त्या दिवशीही तिनं भाकऱ्या थापल्याच होत्या. मला खरंच वाईट वाटलं. मी घड्याळ मागून घेतलं आणि झाडू हातात घेतला.

आता घड्याळ बरोबर चालतं. फक्त रोज संध्याकाळी सौ. माझं मनगट धरून ते भिंतीवरच्या घड्याळाशी ताडून बघते. जरा मागं दिसलं की विचारते, "आज दिवसभर लोळलाव न्हवं?"

माझी चुगली करणारं हे यंत्र पोरीनं स्वतःच्या पहिल्या पगारातून घेतलंय, आणि मी ते रोज स्वतःच्या हातानं बांधतो!