तारेखालून आलेली एल्व्हिरा

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. माझ्या बायकोला, मीनालाही नाही — आणि ती तर तेव्हा तिथेच बसली होती.

ऐंशीच्या दशकात आम्ही अमेरिकेत, चँडलरला नवे होतो. शेजारी एल्व्हिरा राहायची, एल साल्वादोरची. नवऱ्याला सैनिकांनी उचलून नेलं म्हणून ती पळाली होती — सीमेवरच्या चौकीतून नाही, वाळवंटात तारेखालून. मला ते पटेना. का? तिच्याकडे एकही कागद नव्हता. मी स्वतः जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, रहिवासाचा दाखला जोडत घरातला पहिला पदवीधर झालेलो. शिक्क्याशिवाय कुणी खरं बोलतं का?

मी नजर ठेवायचो. हिचे पडदे कायम बंद कशाला? दार वाजलं की आधी दिवा का मालवते?

मीना चिडायची. “अहो, नवरा नेला त्याची पावती देतात का कुठे?”

एकदा एल्व्हिरानं मला गाठलं. जवळच्या चर्चमध्ये एक वकील फुकट सल्ला द्यायचा. तिला जायची भीती वाटत होती. “सेन्योर, तुम्ही शिकलेले. विचाराल? तारेखालून आलेल्याला आश्रय मागता येतो?”

मी गेलो. वकील म्हणाला, “येतो. आत कुठून आली ते असू दे, ती या देशात आहे ना? मग मागू शकते. मिळेलच असं नाही. पण घेऊन या तिला.” मग सहज म्हणाला, “तुमचं नाव?”

एवढंच. आमचं ग्रीन कार्ड अजून यायचं होतं. मी नाव न सांगता बाहेर पडलो. गाडीत बसून राहिलो — बाई खोटी निघाली तर? साक्षीला मलाच बोलावलं तर?

संध्याकाळी ती आमच्याकडे आली. मी म्हणालो, “उपयोग नाही. तारेखालून आलेल्याला मागता येत नाही, असं वकील म्हणाला.”

तिनं माझे आभार मानले. हो, आभार. मीनानं तिला चहा दिला.

ती तशीच लपून राहिली. पुढे कपडे धुवायला लाँड्रोमॅटमध्ये गेली असताना पकडली गेली, आणि तिला परत पाठवलं. तिची बहीण रडत आमच्याकडे सांगायला आली. त्यानंतर एल्व्हिराचं काय झालं, कुणालाच कळलं नाही.

“बिचारी,” मीना त्या बहिणीला म्हणाली. “कायदाच तसा, कोण काय करणार?”

मी मान डोलावली.

कायदा तसा नव्हता. आमच्या तिघांत हे फक्त मला माहीत होतं.